कशावर बेतलं?

न्यू हेवन, फेब्रुवारी एकोणीसशे सत्तावन्न.
थिएटरमागच्या खोलीत रेडिएटर खोकतोय,
आणि वकील हालास माझ्यापुढे कागद सरकवतात.
दोनच चौकोन: स्वतंत्र. आधारित.
आधारित असेल तर खाली मूळ कृतीचं नाव,
लेखक हयात आहे का, वारस कोण, टक्के किती.

मी म्हणते, स्वतंत्र.
कादंबरी नाही, सिनेमा नाही,
कुणा राणीचं चरित्र नाही.
बटणांच्या कारखान्यातल्या तीन बायका,
एक संप, एक न टाकलेलं पत्र.
सगळं मी वॉटरबरीच्या बसमध्ये
तिकिटांच्या पाठीवर लिहिलंय.

हालास चष्मा पुसतात.
बाप शिंपी होता त्यांचा. कापड हातात आलं
की आधी उलटी बाजू बघायची, ही घरातली सवय.
"बाई, बेतलेलं तर सगळंच असतं.
ज्यावर बेतलं, तो उद्या कोर्टात
उभा राहील का, तेवढं सांगा."

वेंडेल पियानोपाशी गप्प.
दुसऱ्या अंकातलं ते गाणं,
गुरुवारी ज्याला बाल्कनी रुमाल शोधत होती,
त्याचे पहिले दोन सूर
आमच्या दोघांच्या मधोमध बसलेत
उधारी मागायला आलेल्या पाहुण्यासारखे.

ब्राँक्सला वेंडेलच्या खालच्या मजल्यावर
मिसेस टायटलमन राहतात.
रोज सहाला जिन्याच्या दारात येऊन
मांजराला हाक मारतात:
एक सूर वर, एक खाली,
खालचा जरा लांबवलेला,
गरम भांड्यावर हलक्या हातानं झाकण ठेवावं तसा.
बारा वर्षं वेंडेल ऐकतोय.
मांजर दोनदा बदललं. हाक तीच.

शनिवारचा पास आम्हीच पाठवला त्यांना.
मन खात होतं, दुसरं काय.
आगगाडीनं आल्या, पर्समध्ये अंड्याचं सँडविच.
पाचवी रांग, कडेची खुर्ची.
गाणं सुरू झालं. मी विंगेतून बघत होते.
सगळं सभागृह रंगमंचाकडे,
आणि मिसेस टायटलमन एकट्या
वाकून खुर्चीखाली.

नंतर लॉबीत, कोटाची बाही सापडत नसताना, म्हणाल्या,
"माझं कुठलं ते! चेर्नोवित्सला आई मला
अशी बोलवायची, नदीवरून.
तिला तिची मावशी."
बाही सापडली.
"पण माझी हाक मांजर आलं की संपते.
तुमच्या त्या पोरीकडे कुणी येतच नाही.
येत नाही, आणि ती थांबत नाही.
असं मी कधी केलं नव्हतं."
वेंडेल काहीतरी बोलायला गेला,
तोवर त्या गाडीची वेळ विचारत होत्या.

रात्री कपडेपटात कोंचेत्ता
नायिकेचा स्कर्ट कमरेत सैल करत बसलेली.
अस्तरावर शाईनं तीन नट्यांची नावं,
तिन्ही खोडलेली. चौथं तिनं
आत्ताच लिहिलेलं, अजून ओलं.
मी म्हटलं, नवा नाही शिवला?
"नवाच आहे," ती दातातली टाचणी न काढता म्हणाली,
"हिच्या अंगावर कुठं कुणी पाहिलाय?"

सोमवारी मी स्वतंत्रवर खूण केली,
आणि शेरा म्हणून रकाना होता, त्यात लिहिलं:
एक हाक. वारस, बहुधा मांजर.
हालास हसले नाहीत. ब्लेड काढलं,
त्या ओळीची शाई हळूच खरवडली,
फुंकर मारली.

मूळ प्रत त्यांनी बॅगेत घातली.
कार्बनखालची माझ्याकडे राहिली.
तिच्यावर ते अजून आहे,
निळं, जरासं फिसकटलेलं.